कोकणात तुमचं कोण आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. आजवर कुणी लग्नाच्या पंगतीत विचारलं, कुणी शाळेच्या स्टाफरूममध्ये, आणि परवा तर बँकेच्या रांगेत मागच्या बाईंनी. "कोकणात तुमचं कोण आहे हो, सारखं जाता ते?"

कोणी नाही. सोयरीक नाही, आंब्याची बाग नाही, कुलदैवतही तिकडचं नाही. तरी उन्हाळा लागायच्या सुमाराला लातूरहून गाडी निघते आणि समुद्राकाठच्या रस्त्याला लागते. विचारणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना यादी हवी असते: कुठं राहायचं, काय बघायचं, लेकरांना पोहता येईल का. उरलेल्यांच्या मनात दुसरंच असतं, ते तोंडानं म्हणत नाहीत. इथं नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही आणि ही बाई डिझेल जाळून पाणी बघायला जाते, असं ते असतं. मला खरं उत्तर या दुसऱ्यांना द्यायचंय. पण यादीवाल्यांनाही रिकाम्या हातानं पाठवत नाही.

लातूरवरून जाणारा नागपूर-रत्नागिरी रस्ताच तुम्हाला समुद्रावर नेतो. सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. घाट उतरलात की हवा अंगाला चिकटायला लागते. रत्नागिरीहून उत्तरेला वळा. आरे-वारेचा रस्ता सगळे सांगतात, तो चांगलाच आहे, पण तिथं फोटो काढून परत फिरणाऱ्यांबद्दल मला फार वाईट वाटतं. पुढं जयगडला शास्त्री नदीची खाडी आडवी येते. फेरीबोटीत गाडी घालून पलीकडे तवसाळला उतरा. मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, आणि धोपाव्याहून पुन्हा फेरीबोटीनं दाभोळ. त्यापुढं हर्णै, आंजर्ले, केळशी आणि शेवटी वेळास. खाड्यांवर आता पूल बांधायचं काम हाती घेतलंय. पूल झाले की तास वाचतील, हे खरं. पण खाडीच्या तोंडाशी बोट येईस्तोवर थांबावं लागतं, तेव्हाच कांदळवनाकडे नीट लक्ष जातं. ओहोटीला चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, त्यांत पळणारे खेकडे, काठावर ध्यान लावून बसलेला खंड्या. पुलावरून ऐंशीच्या वेगात जाताना यातलं काहीही दिसणार नाही.

हेदवीला भरतीच्या वेळी पोचा. तिथं काळ्या खडकात एक अरुंद घळ आहे, बामणघळ. लाट आत शिरते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. लोक पाण्याचे फोटो काढतात, मी खडक बघते. साडेसहा कोटी वर्षांमागं लाव्ह्याचे थर साचून झालेला हा काळा पाषाण आपलाच आहे. आमच्या गावची बारव याच दगडात बांधलेली आहे. लातूरला विहीर खणताना जो दगड पहारीनं फोडतात, तो इथं समुद्रात उतरताना दिसतो.

आणि सडे बघा. जांभ्या दगडाची ती उघडी पठारं एप्रिलमध्ये करपलेली असतात, म्हणून लोक तिथं थांबत नाहीत. त्यांच्यावर हजारो वर्षांपूर्वी माणसानं कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं. रत्नागिरीच्या दक्षिणेला कशेळीच्या सड्यावर भला मोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. 2022 साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. पायातल्या चपला काढून कडेनं चाला, रेघांवर पाय देऊ नका. यादी संपली.

आता दुसऱ्यांसाठी.

2016 चा एप्रिल. त्या वर्षाचं लातूरकरांना काही सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि 12 एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन आलेली पहिली रेल्वे. आमचं जाणं आधीच ठरलेलं होतं आणि मायला न्यायचं होतं. सत्तरी ओलांडली होती तिनं. तिनं आयुष्यभर पाणी ओढलं. आधी आडाचं, मग हापशाचं, मग टँकरचं. समुद्र तिनं टीव्हीवर बघितला होता.

दादा म्हणाला, "बैलं छावणीत बांधलीत. गावात टँकरवर भांडणं चालूयत. अन् तू मायला समुद्र दावाय नेतीस?"

मी म्हणाले, आमच्या वाट्याचं टँकरचं पाणी शेजारचे भरतील, तेवढंच त्यांना होईल. हे मी आजही ठासून सांगते. आम्ही त्या आठवड्यात लातूरचा थेंब वापरला नाही. पण दादाला ते हिशेबाचं बोलणं नको होतं.

सांगोल्यापुढं रेल्वेचं फाटक बंद होतं. उन्हात गाड्या उभ्या होत्या. मग ती आली. एकामागून एक टाक्यांचे डबे, लातूरकडे चाललेले. गाड्यांतली माणसं खाली उतरून बघत होती, एकानं मोबाइलवर चित्रण केलं. माय मागच्या सीटवर होती. तिनं खिडकीची काच खाली घेतली आणि शेवटचा डबा जाईस्तोवर बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, फिरव गाडी. ती एवढंच म्हणाली, "आपल्या गावाला येतंय का ह्यातलं?" मी म्हणाले, शहराला येतं, गावाला नाही. फाटक उघडलं.

वेळासला आम्ही एका घरात उतरलो. तिथं गावकरीच पाहुणे ठेवतात, कारण तिथं लोक कासवं बघायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 च्या सुमाराला हे काम तिथं सुरू केलं आणि गावानं ते उचलून धरलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते. कोल्ही-कुत्री ती उकरू नयेत म्हणून अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात.

संध्याकाळी घरच्या काकूंनी अंघोळीचं पाणी काढून दिलं आणि जरा संकोचून म्हणाल्या, "विहिरीचा तळ दिसायला लागलाय, थोडं जपून." मी मायकडे बघितलं. ती उठून त्यांच्या मागं विहिरीवर गेली. दोघी कितीतरी वेळ आत वाकून बोलत होत्या. तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे सातशे-आठशे. पण जांभ्यात पाणी थांबत नाही, ते झिरपून समुद्राला जातं, आणि एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या वाड्यांनाही टँकर लागतो. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं होतं. मायला ते पाच मिनिटांत त्या विहिरीवर कळलं.

रात्री दादाचा फोन आला. मायनंच घेतला. तो मोठ्यानं बोलत होता, मला ऐकू येत होतं. "लोक मला विचारूलालेत, तुझी माय कुठंय. काय सांगू? मौज कराय गेलीय म्हणू?" माय काही बोलली नाही. फोन माझ्याकडे देऊन म्हणाली, "उद्या निघू." तिकडं अजून दोन दिवस राहायचं होतं.

सकाळी निघण्याआधी आम्ही किनाऱ्यावर गेलो. सुरूची झाडं ओलांडून वाळूत उतरताना मायनं माझा हात धरला होता. कार्यकर्त्यानं खड्ड्यावरची टोपली उचलली. पिल्लं होती, हाताच्या अर्ध्या तळव्याएवढी, वाळूनं माखलेली. पाण्यापासून थोडी अलीकडे ती सोडली. त्यांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, चालू देतात. एक लाट आली की चार पिल्लं मागं ढकलली जायची, ती वळून पुन्हा निघायची. माय माझा हात सोडून दोरीपर्यंत गेली आणि त्या मुलाला विचारलं, "ह्यांची माय कुठंय?"

त्यानं सांगितलं, आजी, ती अंडी घालून त्याच रात्री जाते, पुन्हा येऊन बघत नाही. हजारात एखादंच जगतं. पण जी मादी जगते ती मोठी होऊन अंडी घालायला बहुधा जन्मल्या किनाऱ्याच्याच आसपास येते.

माय म्हणाली, "बरं." मग शेवटचं पिल्लू दिसेनासं होईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. काकूंचा निरोप घेताना त्यांच्या हातात तिनं आपल्या पिशवीतली ज्वारीच्या पापड्यांची पुडी ठेवली. परतीच्या रस्त्यात ती समुद्राबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही.

माय जाऊन आता काही वर्षं झाली. दादा अजून म्हणतो, तिला यायचं नव्हतं, तू ओढून नेलंस. वहिनी सांगते की गावात परतल्यावर माय हापशावर बायांना सांगायची, "समुद्राकाठच्या बाईच्या विहिरीत बी पाणी नव्हतं." तेवढंच सांगायची. दादा म्हणतो, बघ, तिला तिथंही तहानच दिसली. मी म्हणते, तिला तिथं एक बाई भेटली जिला तिचं दुखणं न सांगता कळत होतं. दोघांकडेही पुरावा हाच आहे.

पूर्वी कुणी विचारलं की मी सांगायचे, भूगोल शिकवते, म्हणून जाते. ते खोटं नव्हतं, पण आड लपायला फार सोयीचं होतं. भूगोलासाठी त्याच एप्रिलमध्ये जायची काय गरज होती, पुढच्या वर्षी पाऊस झाल्यावर जाता आलं असतं, हे मीच मला कितीदा विचारलंय. मायच्या गुडघ्यांनी पुढचं वर्ष दिलं असतं का, हे मग मीच उलट विचारते. आणि ज्या वर्षी पाणी नाही त्या वर्षी पाणी बघावंसं वाटणं हा गुन्हा कसा, हेही. दुष्काळातल्या माणसानं दुष्काळच बघत बसावं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं भांडण आहे, मग तो माझा भाऊ का असेना. पण दादा त्या उन्हाळ्यात छावणीत बैलांपाशी झोपत होता, आणि मी नव्हते. हेही खोडता येत नाही.

मागे एक बातमी वाचली. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक कासवी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. मी नकाशा काढून बसले. मांजरेचं पाणी, असतं तेव्हा, गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. लातूरचा एकही ओढा कोकणाकडे वाहत नाही. आणि ही त्या बाजूच्या समुद्रातून देशाला वळसा घालून या बाजूला आली. बातमी मी दादाला पाठवली. त्यानं उत्तर दिलं नाही. पण त्या रात्री वहिनीचा फोन आला, की वेळासला कुठल्या महिन्यात जावं लागतं. कुणाला विचारायचं होतं, ते तिनं सांगितलं नाही. मार्च, मी म्हणाले, आणि सकाळी लवकर पोचायचं. खोली आधी गावात फोन करून ठेवा, आणि प्यायचं पाणी इथूनच भरून न्या.