तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिन सोडून वाघिणीच का?

परवा पुन्हा तोच प्रश्न आला. घरी पाहुणे होते, काचेच्या कपाटात ओळीने उभे असलेले माझे छोटे मालडबे बघून त्यातल्या काकांनी विचारलं, "अगं एवढी हौस आहे तर एखादं झकास वाफेचं इंजिन कर की, हे तपकिरी खोके कशाला करत बसतेस?" प्रदर्शनात मॉडेल मांडलं की तिथेही लोक हेच विचारतात, पोरं तर सरळ "इंजिन कुठंय?" म्हणतात. आणि दरवेळी माझं उत्तर अर्धवट राहतं, कारण तेवढ्यात चहा येतो नाहीतर मागचा माणूस पुढे सरकतो. म्हणून एकदा नीट सगळं लिहितेच.

पहिल्यांदा शब्दाचं सांगते. आम्ही वॅगनला वाघीण म्हणतो. पेपरातसुद्धा "साखरेच्या वाघिणी रवाना" असं यायचं. माझे बाबा कुर्डुवाडीला रेल्वेत गुड्स क्लार्क होते, आमचं क्वार्टर यार्डापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जंगलातली वाघीण मला फार उशिरा कळली, त्याआधी वाघीण म्हणजे मालधक्क्याला लागलेला तो लांबट डबा, ज्याच्या दारातून हमाल पाठीवर कापसाच्या गाठी घेऊन बाहेर यायचे आणि दोन पावलांवर उभ्या ब्रॉडगेजच्या डब्यात शिरायचे. कुर्डुवाडीला दोन रेल्वे होत्या ना, एक मुंबई-पुणे-सोलापूरची मोठी आणि दुसरी बार्शी लाइटची छोटी, अडीच फुटी. रुळांची रुंदी वेगळी म्हणजे डबा पुढे जाऊ शकत नाही, मग लातूरकडून आलेली प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं माणसाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. बाबांची अख्खी नोकरी त्या दोन पावलांच्या हिशोबात गेली.

सातवी-आठवीत असताना मी काड्यापेट्या आणि लग्नपत्रिकांचा जाड कागद घेऊन पहिली वाघीण केली आणि बाबांना दाखवली. त्यांनी हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाले, "बेटा, चाकं चारच लावलीस? आपल्या वाघिणीला आठ असतात." मला पटेना, कारण मोठ्या लाइनवरच्या बंद वाघिणी तेव्हा बहुतेक चारचाकीच होत्या, मग एवढ्याशा गाडीला दुप्पट चाकं कशी? दुसऱ्या दिवशी त्यांनी मला यार्डात नेऊन वाकून बघायला लावलं. खरंच आठ. डब्याखाली दोन बोगी (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, त्याच्याखालचा चाकांचा गाडा), प्रत्येकीला चार चाकं. मोठ्या गाडीला चार आणि छोट्या गाडीला आठ, हे असं का, हा माझा पहिला प्रश्न, आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केली. हा माणूस १८८२ मध्ये जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, त्या मोठ्या लाइनच्या कंपनीत, नोकरीला आला होता. बार्शी म्हणजे कापसाची मोठी पेठ, पण मेन लाइनपासून वीसेक मैल आत, माल सगळा बैलगाडीवर. त्याने १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आपली कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत गाडी सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत (१९११) आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत (१९२७) गेली, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. तारखा एवढ्या पुरेत.

महत्त्वाचं आहे ते काल्थ्रॉपचं गणित. त्याला रूळ हलके टाकायचे होते, दर तीन फुटांना ३० पौंड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो, आज मोठ्या लाइनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो त्यावरून अंदाज घ्या. हलका रूळ म्हणजे खर्च कमी, पण मग त्यावर वजन किती टाकायचं? त्याने ठरवलं की कुठल्याही एका आसावर (समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त भार नको, मग ते इंजिन असो, प्रवासी डबा असो नाहीतर वाघीण असो, सगळ्यांना नियम एकच. बाकी ठिकाणी काय व्हायचं, इंजिनाचा भार आसावर इतका जास्त की रूळ त्याच्यासाठी जड घालायचे आणि मागच्या वाघिणी मात्र त्या मानाने रिकाम्यासारख्या धावायच्या. ह्याने उलटा विचार केला, की रुळाची जेवढी ताकद आहे तेवढी पुरेपूर वाघिणीनेच वापरली पाहिजे, कारण पैसे वाघीण कमावते, आणि मग इंजिनाचं वजनसुद्धा आठ जोडचाकांवर आणि मागच्या चारांवर वाटून दिलं.

म्हणून आठ चाकं. चार आस, प्रत्येकी ५ टन, म्हणजे मालासकट वाघीण २० टनांपर्यंत जाऊ शकते. आता ह्यात डब्याचं स्वतःचं वजन जितकं कमी तितका कापूस जास्त, डब्यातलं एक टन लोखंड वाचवलं की दर खेपेला एक टन माल जास्त, वर्षानुवर्षं. तेव्हा काल्थ्रॉप इंग्लंडमधल्या लीड्सच्या लीड्स फोर्ज कंपनीकडे गेला. तिथे सॅमसन फॉक्स नावाच्या माणसाने पोलादाचा पत्रा तापवून प्रेसखाली दाबायची आणि कडा वळवून अख्खी चौकट करायची पद्धत काढली होती, म्हणजे अँगल, पट्ट्या, शेकडो रिव्हेट जोडत बसायचं काम खूप कमी, वजन कमी आणि ताकद तेवढीच. (ह्याच फॉक्सच्या दाबीव पत्र्याच्या बोगी अमेरिकेतल्या मालगाड्यांखाली पण गेल्या, तिकडे कारखाना निघाला होता, त्यामुळे अमेरिकन मालडबे करणारे लोक आणि मी, आमचे पूर्वज एकच आहेत असं मला वाटतं.) मालाचे सगळे डबे एकाच मापाच्या चौकटीवर, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, वर हवं तर बंद डबा बसवा नाहीतर उघडा. आणि भारतात पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ टाकून इंजिनिअर मंडळींना बोलावून ही गाडी चालवून दाखवली होती! अडीच फुटी रुळावर सात फुटी डबा, म्हणजे रुळाच्या जवळजवळ तिप्पट रुंद, बघणाऱ्यांना काय वाटलं असेल.

ह्याच काल्थ्रॉपने नंतर पॅराशूट बनवलं, पहिल्या महायुद्धातलं गार्डियन एंजेल पॅराशूट त्याचं. वजनाचा इतका बारीक विचार करणारा माणूस तिकडे वळला ह्याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

तर सांगायचं हे की बार्शी लाइटची खरी करामत वाघिणीत आहे. इंजिनाचे फोटो लोकांनी काढले, त्यांचे नंबर पाठ केले, वाघीण मात्र फोटोच्या कडेला अर्धी कापलेली असते. दुष्काळात धान्य तिने आणलं, लातूरच्या डाळी, बार्शीचा कापूस तिने नेला आणि लाइन ब्रॉडगेज झाली तेव्हा ती भंगारात गेली, वजनावर विकली गेली. २००० नंतरच्या दहाएक वर्षांत सगळं रुंदीकरण झालं आणि संपलंच.

मग आता माहिती काढायची कशी? हे मला फार आवडतं त्यामुळे जरा लांबेल. तो कापलेला कडेचा भागच कामाचा असतो. समजा एक जुना फोटो आहे, इंजिनासमोर फेटेवाले लोक उभे आहेत आणि उजवीकडे वाघिणीचं अर्धं दार दिसतंय. चौकट २५ फूट हे माहीत आहे, मग बोगीच्या मध्यापासून टोकापर्यंत किती, दाराची रुंदी किती, हे प्रमाणाने काढता येतं, पण फोटो तिरका असला तर लांबचं लहान दिसतं, त्यामुळे एकाच फोटोवर मी कधीच थांबत नाही, तीन फोटोंतून तेच माप आलं तरच वहीत पेनाने लिहिते, तोवर पेन्सिल. ड्रॉइंग मिळालं की सगळं सुटलं असं नव्याने आलेल्यांना वाटतं, मलाही वाटायचं. मी एकदा चार महिने खपून एका ड्रॉइंगवरून डबा केला आणि नंतर फोटोत बघते तर दाराची पद्धतच वेगळी. ड्रॉइंग सांगतं काय करायचं ठरलं होतं, फोटो सांगतो काय झालं, आणि त्यातही फोटो कुठल्या सालचा ते बघावं लागतं कारण वर्कशॉपला गेलेली वाघीण बाहेर येते तेव्हा तिची एखादी फळी, एखादी पट्टी बदललेली असते.

रंगाचं तर विचारूच नका. जुने फोटो फिल्मऐवजी काचेवर निघायचे, त्या काचांना लाल रंग दिसायचाच नाही, त्यामुळे तांबूस तपकिरी डबा फोटोत जवळजवळ काळा येतो, आणि लोक त्यावरून बिनधास्त काळा रंग मारतात. एका जुन्या स्टेशनमागे चाकं काढलेला डब्याचा सांगाडा मला मिळाला होता, त्यात कुणी सरपण ठेवायचं, त्या बाईंची परवानगी घेऊन मी ब्लेडने रुपयाएवढी जागा खरवडली, थराखाली थर, सगळ्यात खाली तांबडा. आनंद झाला पण बाबा म्हणाले थांब, तो प्रायमर असेल, लोखंडावर पहिला हात रेड ऑक्साइडचाच मारतात, त्याच्या वरचा थर मोज. म्हणजे जे सगळ्यात खोल सापडतं तेच सगळ्यात खरं असं नसतं. पुन्हा गेले, भिंग घेऊन.

बाबांकडून मिळालं ते कुठल्याच कागदात नाही मिळालं. दार कुठल्या बाजूला आधी झिजतं (मालधक्क्याच्या), खडूने डब्यावर काय खुणा करायचे, पावसाळ्यात छताचं पाणी कुठून गळायचं आणि साखरेची पोती तिथून कशी लांब ठेवायची. मी हे सगळं त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत लिहून घेतलं. आधी का नाही घेतलं ह्याचं वाईट वाटतं. तुमच्या घरात कुणी रेल्वेतलं, गिरणीतलं, बाजार समितीतलं असेल तर आजच वही घेऊन बसा त्यांच्याजवळ, खरंच.

करण्याबद्दल थोडं. मी फुटाला ४ मिलिमीटर ही स्केल घेते, म्हणजे खऱ्या डब्याचा एक फूट माझ्या मॉडेलवर ४ मिलिमीटर. ह्यात २५ फूट म्हणजे बरोबर १०० मिलिमीटर आणि ७ फूट म्हणजे २८, हे पहिल्यांदा काढलं तेव्हा मला कोण आनंद झाला, जणू काल्थ्रॉपने माझ्या पट्टीसाठीच डबा केला होता. अडचण रुळाची. अडीच फूट म्हणजे १० मिलिमीटर हवेत आणि बाजारात तयार मिळतो तो ९ चा. काही जण म्हणतात १:८७ (खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान) घे, तिथे ९ जवळजवळ बरोबर बसतो. बरोबर आहे त्यांचं. पण मी तो एक मिलिमीटर सोडून दिला, कारण माझा जीव डब्यात आहे आणि डबा मला पट्टीवर सरळ मोजता येतो.

सगळ्यात त्रास दिला त्या दाबीव चौकटीने. प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवून केली तर कोपरे इतके धारदार यायचे की बघताक्षणी खोटं वाटायचं, दाबलेल्या पत्र्याची कड गोल वळते ना. शेवटी फॉक्सने केलं तेच केलं, लाकडाचा छोटा साचा कोरला आणि कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा त्यावर ठेवून वरून दाबला. खरा पत्रा पाव ते तीन अष्टमांश इंच धरला तर ह्या स्केलला मिलिमीटरचा दहावा भाग होतो, कॅनचा पत्रा जवळपास तेवढाच! सात-आठ फाटले, मग एक आला. कड वळलेली, मधे ताण नाही, बोटावर धरला तर वजनच लागेना. त्या क्षणी मला ती वाघीण समजली, म्हणजे इतकी वर्षं वाचून जे कळलं होतं ते हाताला कळलं. रिव्हेट मी बोथट केलेल्या सुईने मागून टोचून काढते, पाऊण इंची डोकं पाव मिलिमीटरचं होतं, चष्मा आणि सकाळचं ऊन दोन्ही लागतं.

काका म्हणाले खोके. तर त्या खोक्यांचं शेवटचं सांगते. माझी आजी बार्शी तालुक्यातली. आषाढीला पंढरपूरला गर्दी इतकी व्हायची की प्रवासी डबे पुरायचे नाहीत, मग मालाच्या वाघिणींत माणसं भरायचे. आजी लहानपणी अशीच गेली होती. ती सांगायची, आत अंधार, कापसाचा वास, बसायला फक्त फळ्यांची जमीन, बायका एकमेकींच्या गाठोड्यांना टेकून, आणि दार मात्र उघडं, दारात आडवा बांबू बांधलेला आणि त्याच्याशी उभं राहायला मिळावं म्हणून पोरांची भांडणं. रात्रभर अभंग. माणसांना मालासारखं नेणं चूक होतं, आणि आजी हे सांगताना हसायची, दोन्ही खरं आहे, आणि मला त्यातलं एकही सोडवत नाही.

आत्ता टेबलावर दहावी वाघीण आहे, ती ह्याच खेपेची. दार सरकवून उघडं ठेवलंय, बांबू झाडूच्या हिराचा आहे. बाजारात ह्या स्केलची तयार माणसं मिळतात ती गोरी, कोटातली आणि २२-२३ मिलिमीटर उंच. आजी मोठी झाल्यावरसुद्धा पावणेपाच फूटच होती, म्हणजे १९ मिलिमीटर, आणि त्या खेपेला तर ती नऊ-दहा वर्षांची, म्हणून १७ ची धरलीय. दोन भागांची पुटी मळून परकराच्या चुण्या काढल्यात, उजवा हात बांबूवर ठेवायचा राहिलाय, तो बहुतेक रविवारी होईल.