दाढ दुखायची थांबली आणि मी फसलो

डावीकडची खालची दाढ. दहा वर्षांपूर्वी त्यात सिमेंट भरलेलं, त्याचा एक कोपरा कधीतरी उडाला होता आणि तिथं पेरूच्या बिया अडकायच्या, बाकी काही त्रास नव्हता. मार्चमधे थंड पाण्याने सळक यायला लागली. आधी क्षणभर यायची, पाणी गिळलं की गायब. पण पंधरा-वीस दिवसात असं व्हायला लागलं की पाणी पिऊन ग्लास ठेवला, फोन आला, बोलून झालं तरी दाढ आपली ठणकतेच आहे. खरं तर तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं. सळक लगेच जात असेल तर आतली नस बऱ्याचदा वाचते, कीड काढून सिमेंट भरलं की भागतं, पण ती अशी रेंगाळायला लागली की नस सहसा परत सुधारत नाही, हे मला नंतर कळलं.

मी काय केलं, तर मेडिकलवाल्याकडं गेलो. त्याने चिठ्ठीबिठ्ठी न मागता पेनकिलर आणि वर पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. आईने दाढेखाली लवंग धरायला सांगितली, तिनं जरा बधिर होतं खरं, पण अर्ध्या तासात परत चालू.

रात्रीचं तर विचारूच नका. आडवं झालं की ठणका दुप्पट, चहाचा घोट घेतला तर कळ थेट कानापर्यंत, आणि आता उलटंच झालेलं, थंड पाण्याने बरं वाटायचं. माठातलं पाणी तांब्यात भरून उशाशी ठेवलेलं, घोट तोंडात धरायचा, कोमट झाला की थुंकायचा, परत नवा घोट. पहाटे चारपर्यंत दोन तांबे संपले होते.

आणि एक दिवस दुखायचं एकदम बंद! थंड नाही, गरम नाही, काहीच नाही. मी खूश, घरात सांगत सुटलो की अँटिबायोटिकचा गुण आला. तीन आठवडे मजेत गेले. मग घास चावताना ती दाढ बाकीच्यांपेक्षा उंच झाल्यासारखी लागायला लागली, दोन दिवसात गाल सुजला.

डॉक्टर मॅडमनी आरशाच्या दांड्याने एकेका दाताला टकटक केलं, त्या दाढेला लागल्यावर मी खुर्चीतून उडालोच. मग बर्फासारखा गार कापूस लावून बघितला, शेजारच्या दाताला झिणझिण्या आल्या, या दाढेला ढिम्म. म्हणाल्या, "दुखायचं थांबलं कारण नस मेली हो, बरी नाही झाली." एक्सरेत मुळाच्या टोकाशी मसुराएवढी काळी सावली दिसत होती. मेलेल्या नसेला रक्तच पोचत नाही त्यामुळे गोळ्या आत काही करू शकत नाहीत, घाण हातानेच साफ करायला लागते, म्हणजे रूट कॅनल (आरसीटी), नाहीतर दाढ काढायची, दोनच रस्ते. मामा फोनवर म्हणत होता काढून टाक, कटकट मिटेल. आई म्हणाली अजिबात नाही, दाढ काढली की डोळे अधू होतात. (होत नाहीत, पण निर्णय बरोबर निघाला.)

पहिलं सिटिंग तासभर. इंजेक्शन टोचतं तेवढंच, मग अर्धा ओठ भाकरीएवढा जाड झाल्यासारखा. दाढेभोवती निळं रबर ताणून बसवलं, वरून भोक पाडलं आणि असा कुजका वास आला की मला माझीच लाज वाटली. पू निघाला तसा दाब लगेच उतरला. मग सुईसारख्या बारीक फाइल्स, एक काढायची दुसरी घालायची, शेजारी मशीन टिकटिक करतंय, मुळाचं टोक आलं की त्याचा आवाज बदलतो. मधून मधून औषधाने धुणं, त्याला स्विमिंग पूलसारखा वास. या दाढेला मुळं दोन पण त्यांच्या आत नसेच्या नळ्या बहुतेकदा तीन असतात, माझ्यात चौथी सापडली. ती राहिली असती तर सगळं परत करायला लागलं असतं म्हणे. आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावलं, आठवड्याने परत जाऊन नळ्यांमधे गटापर्चा भरला, रबरासारखा असतो, एका झाडाच्या चिकापासून बनतो.

दोन दिवस चावताना जरा दुखलं, त्या तांब्यावाल्या रात्रीपुढे काहीच नाही.

त्याच आठवड्यात बायकोनेही दात दाखवले, तिलाही थंड लागत होतं, पण तिची सळक दोन सेकंदात जायची. वीस मिनिटात फिलिंग करून मोकळी. माझे आरसीटीचे ४५०० झाले आणि कॅपचे ६००० वेगळे. कॅप नको म्हणून मी घासाघीस करून बघितली, पण इतकी पोखरलेली दाढ चावताना उभी चिरली तर मग काढायलाच लागते म्हणे, त्यामुळे गप्प बसलो. माप दिलंय, गुरुवारी बसवणार आहेत, तोपर्यंत उजवीकडूनच चावायचं चाललंय आणि घरात चकल्या केल्यात.