बशीचा आवाज

बी.एस्सी. नर्सिंग संपवून पहिलीच ड्युटी मानसोपचार वॉर्डात लागली, तर आईनं शेजारणींना 'मेडिसिनला आहे' असं सांगून टाकलं. लग्नाचं बघायचं होतं ना. आमच्या बीडकडं 'येरवड्याला टाकू का?' हे अजूनही भांडणातलं वाक्य आहे. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आमच्याकडं मोठ्या दवाखान्यातला असा एखादा वॉर्ड.

इन्चार्ज सिस्टरनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. दार आपल्या बाजूला ठेवायचं, स्टेथोस्कोप गळ्यात अडकवायचा नाही, आणि गोळी दिली की पेशंटला तोंड उघडायला लावून गालात बघायचं. या तिन्ही मी घोकल्या. मला भीती फक्त अंगावर येणाऱ्या पेशंटची होती, गप पडलेल्याची नव्हती.

तो गपच होता. तिशीचा, ऊसतोडीहून परतून वीटभट्टीवर जाणारा. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी पार खचतं असा आजार; त्यावर मन स्थिर ठेवणारं लिथियम दोन वर्षं चालू. "लई गप पडलाय वो, जेवत बी न्हाई," म्हणत आईनं शनिवारी आणला. डिप्रेशन असेल असं सगळ्यांनीच धरलं. रविवारी सकाळी त्यानं चहा अंगावर सांडला. मी रिपोर्टमध्ये 'अनकोऑपरेटिव्ह' लिहून मोकळी झाले आणि लिथियमची गोळी दिली. गालही तपासला!

संध्याकाळी चहा वाटताना वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, काल ह्याची बशी एवढी वाजत नव्हती."

मी थांबून ऐकलं. कप बशीवर कटकट, कटकट वाजत होता. दोन्ही हात पुढं धरायला सांगितले, तर बोटांची बारीक थरथर नव्हे, मनगटापासून झटके. जीभ जड. उभा केला तर झोकांड्या.

"संडासला किती वेळा गेला?" मी आईला विचारलं.

"धा बारा डाव. कालपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच न्हाई, बाई."

आणि त्याच्या कमरेसाठी मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या तिच्या पिशवीत होत्या. मे महिन्याचं ऊन, भट्टी, त्यात जुलाब. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात, ते रक्तात साठून विषासारखं होतं, त्यात ह्या वेदनाशामकाची भर. तिसऱ्या वर्षाच्या पेपरात मी हे लिहिलं होतं.

रात्रीचा डोस थांबवला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. रक्त बाहेरच्या लॅबला गेलं. लिथियमची लेव्हल ०.६ ते १.२ च्या आत हवी, आली २.३. सलाईन लागलं, आयसीयूत हलवला. त्या रात्री सकाळच्या त्या एका शब्दावर आडवी रेघ मारून सही केली. खोडून चालत नाही, शब्द वाचता येतोच.

दहा दिवसांनी घरी जायला निघाला तेव्हा कप सरळ धरत होता. आईला मी समजावलं: न विचारता दुखण्याची गोळी नको, जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच या, मीठ तोडू नका, आणि उन्हाळ्यात पाणी भरपूर.

तिनं मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "भरपूर म्हंजी किती, बाई? आमच्यात टँकर आठ दिसाला येतो."