चवथीच्या आदल्या दिवशी आलेलं जनावर

तयेचा दिवस, म्हणजे हरताळका, चवथीच्या आदला दिवस. घरात पाय ठेवायला जागा नाही, माजघरात बाबा आणि काका स्टुलावर चढून माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट) बांधतायत, खाली नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड सगळं पसरलेलं, आणि त्यात माझा फोन वाजतो, "दादा, तिस्कावर उभाय, पार्सल घ्यायला या." पार्सल म्हणजे बेंगळुरूहून आलेलं बॉल पायथनचं, म्हणजे अजगराच्या कुळातल्या एका बिनविषारी परदेशी सापाचं पिल्लू, तीन महिन्यांचं. ठरलं होतं नागपंचमीच्या आठवड्यात, पण गाडीवाल्याने तीनदा तारीख बदलली. रात्रभराचा प्रवास होता तो एकोणीस तासांचा झाला, कारण विचारलं तर म्हणे घाटात ट्रॅफिक. भांडायला वेळ नव्हता. थर्माकोलचा डबा स्कूटरच्या पुढ्यात पायांमध्ये धरला आणि खड्डे चुकवत हळूहळू घरी आलो.

आधी कायद्याचं सांगून टाकतो कारण हे वाचून कोणीतरी शेतातलं दिवड नाहीतर आजगराचं पिल्लू उचलून घरी ठेवेल. आपल्याकडचे साप पाळायचे नाहीत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे त्यासाठी. बॉल पायथन आपल्याकडचा नाही, घाना, टोगो, बेनिन त्या बाजूचा, पण तो साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे आणि कायद्यातली दुरुस्ती २०२३ च्या एप्रिलपासून लागू झाल्यावर असे प्राणी अनुसूची चारमध्ये आले, २०२४ मध्ये त्यांच्या नोंदणीचे नियम निघाले. म्हणजे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद पाहिजे, आणि विकणाऱ्याकडून तुमच्याकडे आला ती बदलीही तिथे कळवायची. कागद नसलेला साप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, एवढंच.

आता मुद्द्याचं. नवीन पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यात काय करायचं, तर जवळजवळ काहीच नाही. पाणी, दोन लपायच्या जागा, बरोबर तापमान, आणि मग त्याच्यापासून लांब राहायचं. हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, झाकण उघडून "बघू काय करतोय" नाही. ऐकायला सोपं वाटतं ना, चवथीच्या घरात करून बघा. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, मुंबईचे, म्हापशाचे, डिचोलीचे सगळे जमलेले, आणि गोव्यात चवथीला कोणी कोणाला एकटं सोडतं का हो?

पेटी आधीच तयार होती हे नशीब. मोठी काच-बिच काही नाही, तीसेक लिटरचा क्लिपवाला प्लास्टिकचा स्टोरेज डबा, कडेला सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडलेली. लोकांना वाटतं लहान डब्यात कोंबलाय बिचाऱ्याला, पण हा साप तिकडे उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहणारा, पिल्लाला मोकळं मैदान दिलं की ते घाबरतं. अंगाला चारी बाजूंनी काहीतरी टेकतंय असं असलं की गप्प बसतं. म्हणून लपायची जागा घट्ट पाहिजे, आणि एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, अशा दोन पाहिजेत, नाहीतर बिचाऱ्याला ऊब आणि आडोसा यातलं एकच निवडावं लागतं आणि ते बहुतेक वेळा आडोसा निवडतं आणि थंडीत बसून राहतं.

लपायची जागा ऑनलाइन सहाशे रुपयांना मिळते, प्लास्टिकची, दगडासारखी दिसणारी. मी आजीच्या ढिगातली एक करवंटी उचलली. नेवऱ्यांसाठी खोबरं किसून झालं की करवंट्या न्हाणीच्या चुलीत पाणी तापवायला राखून ठेवते ती, मोजून ठेवते की काय देव जाणे, संध्याकाळी लगेच विचारलंन, "मोठी करवंटी कोणी नेली रे?" हॅक्सॉ ब्लेडने कडेला अंगठ्याएवढं दार कापलं, पॉलिश पेपर मारून कडेची धार घालवली, आतलं चिकटलेलं खोबरं खरवडून उकळत्या पाण्यात टाकून उन्हात, म्हणजे भाद्रपदात जेवढं ऊन मिळेल तेवढ्यात, वाळवली. दुसऱ्या बाजूला मातीचं छोटं मडकं, असंच तोंडाला खाच पाडून उपडं घातलेलं.

खाली कोकोपीट नाही घातलं, साधा किचन टिश्यू. दोन कारणं. पहिला महिनाभर त्याने काय शी केली, कुठे काळे ठिपक्यासारखे माइट्स (अंगावरचे बारीक किडे) फिरतायत का, हे पांढऱ्यावर दिसतं. आणि दुसरं आपल्या हवेचं. परदेशातले लोक व्हिडिओत सांगतात दमटपणा वाढवा, फवारा मारा, मॉस ठेवा. त्याला साठ-पासष्ट टक्के लागतो, आमच्या माडीवर त्या आठवड्यात मीटर सत्त्याऐंशी दाखवत होता, कपाटातल्या चपलांना बुरशी. इथे फवारा मारलात तर पोटाखालचे खवले कुजतात, श्वासाचं इन्फेक्शन होतं. पावसाळ्यात गोव्यात उलटं करायचं, भोकं वाढवा, पाण्याची वाटी लहान ठेवा, ओला टिश्यू लगेच बदला. उबेचंही तसंच, थंड बाजूला आपली खोलीच सव्वीस-सत्तावीस असते, तिथे काही करायचं नाही, गरम बाजूला फक्त हीट मॅट, डब्याच्या खालून, आणि थर्मोस्टॅट बत्तीसवर. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, साप खालून भाजला तरी उठून जात नाही कधीकधी.

डबा उघडला. आत कापडी पिशवी गाठ मारलेली, पिशवीत मुठीएवढा गोळा. डोकं आत दडपलेलं, दिसतच नव्हतं. इथे सगळ्यात मोठा मोह होतो, काढावं, हातात घ्यावं, फोटो काढावा, ब्रीडरला "पोचला" म्हणून पाठवावा. मी फक्त गाठ सैल केली, पिशवी तशीच करवंटीच्या दाराजवळ ठेवली, झाकण लावलं, चारी क्लिपा, वरून काळा टॉवेल आणि बाहेर. त्याच्या वेळेने बाहेर येऊ दे. रात्री साडेदहाला टॉवेलचा कोपरा उचलून बघितलं तर पिशवी रिकामी आणि करवंटीच्या दारात बोराएवढं नाक. वरच्या ओठावर ते बारीक खड्डे, त्या खड्ड्यांनी या सापांना ऊब कळते. एकदा जीभ बाहेर, आत. मी टॉवेल सोडला.

खरा घोळ दुसऱ्या दिवशी, आरतीला. आमच्याकडे घुमट आरत्या होतात, दोन घुमट (मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं वाद्य), जोडीला शामेळ हे तालवाद्य, कासाळें म्हणजे झांजा, आणि वाडीतली मंडळी घरोघर फिरतात, एका घरात पाऊण तास सहज. सापाला बाहेरचा कान नाही, पडदा नाही, म्हणून "बहिरा असतो" म्हणतात, पण तसं नाहीये. बॉल पायथनवरच अभ्यास झालाय, २०१२ मध्ये आला, त्यात दिसलं की ८० ते १६० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्जातलं, त्याला सगळ्यात चांगलं कळतं आणि तेही हादऱ्यातून, कवटीतून. आता घुमट म्हणजे काय, खर्जच. आमची माडी लाकडी फळ्यांची. खाली "सुखकर्ता" सुरू झालं आणि मी वर धावलो, पेटीच्या टेबलावर तळहात ठेवला, टेबल थरथरतंय, वाटीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठतायत, प्रत्येक थापेला एक.

एक गंमत बघा, याच घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. घोरपड संरक्षित झाल्यावर ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात, जुने वाजवणारे अजून म्हणतात तो नाद नाही येत. मी तिथे टेबल धरून उभा आणि मनात हेच.

आरती थांबवणं शक्य नव्हतं, म्हणजे मी बोलून बघितलं, काकाने नुसतं माझ्याकडे बघितलं. पेटी हलवली असती तर पिल्लाला परत तोच प्रवासाचा ताण. शेवटी जुन्या हवाई चपला सापडल्या, त्यांचे चार चौकोन कापले आणि भाच्याला टेबल एकेका कोपऱ्याला केसभर उचलायला लावून पायांखाली सरकवले. दुसऱ्या दिवशी आरतीला परत हात ठेवला. वर्तुळं गेली नाहीत पण बरीच कमी झाली. हे कुठल्या केअर गाइडमध्ये मिळणार नाही, फुकट घ्या.

भाचा नऊ वर्षांचा, म्हापशाचा. दर अर्ध्या तासाने "मामा, आत्ता हात लावू?" मी त्याला एक वही दिली, सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंचं तापमान लिहायचं, दमटपणा लिहायचा, झाकण न उघडता. आणि खरं सांगतो, त्यानेच वाचवलं. तिसऱ्या रात्री पिल्लू बाहेर होतं, काठाकाठाने गोल गोल फिरत नाक झाकणाला घासत होतं. मला वाटलं नवीन आहे, होतं असं. सकाळी वही बघितली तर रात्रीच्या रकान्यात गरम बाजू ३६. रात्री लाइट दोनदा जाऊन आली होती म्हणून आधी थर्मोस्टॅटवर संशय घेतला, पण खाली वाकून बघतो तर मॅटवर चिकटवलेल्या सेन्सरची सेलोटेप दमट हवेने सुटली होती, सेन्सर हवेत लोंबकळतोय, त्याला वाटतंय थंड आहे म्हणून मॅट आपली तापतेच आहे. अॅल्युमिनियमच्या टेपने परत बसवला. टेप नेहमी डब्याच्या बाहेरूनच लावा, आत लावलीत तर साप चिकटतो आणि सोडवताना कातडी सोलते. दुपारपर्यंत बत्तीस, आणि रात्री हे महाशय करवंटीत गप्प. तेव्हा सतत फिरणं, नाक घासणं याला "अॅक्टिव्ह आहे" म्हणून खूश होऊ नका, आधी आकडे बघा.

पाहुण्यांचं काय केलं? मी काहीच नाही, आजीने केलं. आजीला आधी तो अजिबात नको होता. तपकिरी अंगावर काळे पट्टे बघून म्हणाली, ही घोणस आहे, मला शिकवू नको. (हेच वाडीतला प्रत्येक जण म्हणेल, म्हणून क्लिपा नीट बघा, सुटला तर काठीच पडणार त्याच्यावर.) मग मी तिला बेनिनमधल्या उईदा गावाचं सांगितलं, तिथे या सापांचं देऊळ आहे, लोक त्याला मारत नाहीत, घरात आला तर उचलून परत नेऊन सोडतात. आजी थोडा वेळ गप्प. नागपंचमीला मातीचा नाग पुजणारी बाई, काय बोलणार. संध्याकाळी मी खाली येतो तर जिन्याच्या पायरीवर पाट टाकून वाती वळत बसलेली आणि वर निघालेल्या आत्याला सांगतेय, "वर नको जाऊ गो, जनावराचं सोयर आहे, बारा दिवस."

मला वर्षभर लोकांना जे समजावता येत नव्हतं ते तिने एका शब्दात केलं. सोयर म्हटल्यावर कोणी वादच घातला नाही, काकासुद्धा जिन्याखालूनच "बरं आहे ना?" विचारून जायला लागला.

खाण्याचं मात्र माझ्या पथ्यावर पडलं. आठवडाभर द्यायचंच नसतं, ताणात पोट चालत नाही, खाल्लं तरी ओकतं, आणि एकदा ओकलं की परत दोन आठवडे थांबा, पिल्लाला ते फार जड जातं. तसंही चवथीत घर शिवराक, कांदा-लसूणसुद्धा नाही, आणि मी फ्रीजरमध्ये उंदीर ठेवणार? ते मित्राकडे होते, फोंड्याला, त्याच्या कोळंबीच्या शेजारी आइस्क्रीमच्या डब्यात, त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.

विसर्जन झालं, पाहुणे गेले, आठव्या रात्री पहिला प्रयत्न. वजन ११२ ग्रॅम, उंदीर १२ ग्रॅमचा, ब्रीडर जे आणि जसं देत होता तेच, पहिल्याच वेळी नवीन खाणं सुरू करू नका. दिवसभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात (आईने नेमकं त्याच दिवशी फ्रीज पुसायला काढला, तो विषय वेगळा), मग झिपच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात, हाताला आपल्या अंगापेक्षा जरा गरम लागेपर्यंत. मायक्रोवेव्ह नाही, कृपा करा. लांब चिमट्याने करवंटीच्या दारासमोर धरला. नाक पुढे आलं, जीभ, जीभ, जीभ, आणि मग मान मागे घेऊन आत. दहा मिनिटं धरून हात दुखला. ठेवून दिलं, सकाळी तसाच. टाकला.

इथे बरेच जण घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, तोंडाला लावून बघतात. ही जात उपाशी राहण्यात पटाईत आहे, वजन उतरत नसेल तर आठवडा गेल्याने काही होत नाही. मी पाच दिवस पाणी बदलण्यापुरता सोडला तर टॉवेलही उचलला नाही. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून बुडबुडे, वाटीत काळे ठिपके, यातलं काही दिसलं असतं तर मात्र उपाशी-बिपाशी न बघता सरळ डॉक्टर, आणि साप बघणारा डॉक्टर साप येण्याआधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजराचा प्रत्येक जण बघत नाही.

तेराव्या रात्री साडेनऊला दिवा बंद करून फक्त जिन्यातला उजेड ठेवला. चिमटा दारापर्यंत पोचलाही नाही. फट्, करवंटी सरकली, आणि पुढच्या क्षणी उंदराभोवती तीन वेढे. मी श्वास धरून मागे मागे आलो, क्लिप लावताना आवाज होऊ नये म्हणून अंगठ्याने दाबून लावली.

खालून आजीचा आवाज, "जेवलं काय रे?"

"जेवलं."

"मग सोयर फिटलं म्हण."

म्हटलं अजून दोन दिवस हात लावायचा नाही, खाल्ल्यावर अठ्ठेचाळीस तास. ती म्हणाली हात कोण लावतंय मेल्या, मी करवंटीचं विचारतेय. भाच्याला व्हॉइस मेसेज पाठवला, त्याने लगेच उलट विचारलं, तापमान किती होतं? वही बघितली. लिहायचं राहिलं होतं.