आठवडा गुणिले ५२

कुठलाही अर्ज भरायला घ्या, 'वार्षिक उत्पन्न' नावाचा एक रिकामा चौकोन त्यात दबा धरून बसलेला असतोच. महिन्याचा पगारदार बाराने गुणून मोकळा होतो. आठवड्याला पगार घेणारा मात्र तिथे थबकतो. एका पगारापासून पुढच्या पगारापर्यंत जगणाऱ्याला वर्षाचं काय विचारता?

मग तो सोपा मार्ग धरतो: महिन्याचे आठवडे चार, वर्षाचे महिने बारा, बारा चोक अठ्ठेचाळीस. हिशेब सोपा, पण त्यात वर्षातले चार आठवडे गडप होतात. एकट्या फेब्रुवारीचा अपवाद सोडला, तर प्रत्येक महिन्याच्या शेपटीला दोन-तीन दिवस जास्तीचे लोंबत असतात. ते गोळा केले की २९ भरतात, म्हणजे चार आठवडे आणि वर एक दिवस. आठवड्याला १,००० मिळत असतील तर वर्षाचे ५२,००० होतात, ४८,००० नव्हे. चौकोनात ४८,००० लिहिणारा महिनाभराची कमाई स्वतःच्या हाताने खोडून टाकतो.

याच चार आठवड्यांमुळे वर्षात चार महिने असे येतात, की त्यांत पगार पाचदा होतो. मला हे महिने फार आवडतात. भाडं तेवढंच, हप्ता तेवढाच, बिलंही साधारण तेवढीच, आणि पाकीट मात्र पाचवं! आधीच्या महिन्यांनी पाडलेली भगदाडं त्यातूनच बुजवायची असतात, हा भाग वेगळा. महिन्याची सरासरी काढायला बसलात तर पगाराला चाराने नाही, ४.३३ने गुणावं लागतं. महिन्याचा पगारदार या गमतीला कायमचा मुकलेला असतो. बिचाऱ्याला एकतीस तारखेचा दिवस जवळपास फुकटच राबावा लागतो.

तरीही ५२ हा आकडा पुरता खरा नाहीच. बावन्न साते ३६४. एक दिवस उरतो, लीप वर्षात दोन. त्या उरलेल्या दिवसाच्या जोरावर पाच-सहा वर्षांतून एकदा पगाराचा वार ५३ वेळा येतो. २०२६ हे वर्ष गुरुवारी सुरू होऊन गुरुवारीच संपतं, तेव्हा गुरुवारी पगार घेणाऱ्यांची त्या वर्षी चंगळ. शुक्रवारवाल्यांनी २०२७ची वाट पाहावी. वर्षाचा पगार ठरवून तो आठवड्याला वाटणाऱ्या हिशेबनिसाला मात्र अशा वर्षी घाम फुटतो: भागायचं ५२ने की ५३ने? काटेकोर सरासरी हवीच असेल तर आपल्या कॅलेंडरचं चक्र ४०० वर्षांचं आहे, त्यात १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे. वर्षाला ५२.१७७५. हा आकडा अर्जात लिहून पाहायची माझी फार इच्छा आहे.

या सगळ्या दशांशांपेक्षा मोठा घोळ वेगळाच. ५२ने गुणताना आपण गृहीत धरतो, की हा माणूस वर्षभर आजारी पडणार नाही, काम एकही आठवडा थांबणार नाही. भरपगारी रजा असेल तर ठीक. नसेल, तर दोन आठवडे अंथरुणाला खिळला की गुणक ५० होतो, आणि ओव्हरटाइम मिळाला की पुन्हा वर चढतो. म्हणून अशाने गुणाकाराच्या फंदात पडूच नये. गेल्या वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या काढाव्यात आणि सरळ बेरीज करावी. चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या असतील तर, अर्थात.