वहिनी, त्या सीड्यांचं काय केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून काढते. आमचा गाण्यांचा शो संपला की लोक आधी ह्यांच्याकडे जातात, कारण स्टेजवर की-बोर्ड घेऊन हे बसलेले दिसतात, आणि विचारतात की एवढे ट्रॅक लॅपटॉपवर आणलेत कसे, आमच्याकडे पण कराओकेच्या, म्हणजे गाण्याच्या नुसत्या म्युझिकच्या, सीड्या खोकंभर पडल्यात. मग हे हात दाखवतात कोपऱ्यात वायरींच्या गुंत्यात बसलेल्या माझ्याकडे. "वहिनी, सोपं असतं का हो ते?" सोपं आहे. पण मी ते पहिल्यांदा चुकीचं केलं होतं आणि भर हॉलमध्ये तोंडावर आपटले होते, तिथूनच सुरुवात करते.

डोंबिवलीत एका जोडप्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता. काकांनी बायकोसाठी एक गाणं महिनाभर बसवलेलं, पाठ केलेलं. मी आदल्या रात्री त्या गाण्याची कराओके व्हीसीडी, म्हणजे व्हिडिओवाली सीडी, लॅपटॉपमध्ये घातली, फाईल कॉपी केली, दहा सेकंद वाजवून बघितली, म्युझिक येतंय, झालं. कार्यक्रमात काकांनी माईक धरला, पहिली ओळ उचलली आणि स्पीकरमधून त्यांच्यासोबत दुसराच एक माणूस गायला लागला. चांगला गात होता, हाच प्रॉब्लेम! काका बिचारे थांबले तर तो गातच राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, बघा, नुसतं तोंड हलवत होते. काकूंचा चेहरा मला अजून आठवतो.

झालं काय होतं, तर आपल्याकडे ज्या हिंदी गाण्यांच्या कराओके व्हीसीड्या मिळायच्या त्यातल्या बऱ्याच डिस्कवर डाव्या चॅनेलला नुसतं म्युझिक आणि उजव्या चॅनेलला म्युझिक अधिक गायकाचा आवाज असायचा, काहींवर ह्याच्या उलट. जुन्या व्हीसीडी प्लेअरला त्यासाठी रिमोटवर बटण असायचं, एकच चॅनेल दोन्ही स्पीकरला पाठवायचं. आम्ही वर्षानुवर्षं ते बटण दाबत आलो आणि ते का दाबतो हे विसरून गेलो. लॅपटॉपला कोण सांगणार, त्याने दोन्ही चॅनेल इमानेइतबारे वाजवले.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे, ट्रॅक शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय शोच्या फोल्डरमध्ये जात नाही. डिस्क कॉपी व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, ऐकायला तासभर लागतो. लोकांना पहिल्या दहा मिनिटांचीच युक्ती हवी असते.

आता व्हीसीडीचं बघू, कारण तुमच्याकडे बहुतेक त्याच असणार. डिस्क उघडलीत की एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसेल आणि त्यात डॅट एक्स्टेन्शनच्या फाईली. त्याच गाणी. आत साधा एमपेग-१ व्हिडिओ असतो, फक्त वर एक वेगळं वेष्टण चढवलेलं असतं, म्हणून काही टीव्ही आणि प्लेअर ती ओळखत नाहीत. व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते. एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने पुन्हा एन्कोड न करता नुसतं वेष्टण बदलून घेता येतं, क्वालिटी जशीच्या तशी राहते. चित्र ३५२ बाय २८८ चं, म्हणजे हॉलच्या प्रोजेक्टरवर बर्फीच्या वड्या पडल्यासारखं दिसतं. ते "एचडी करून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादाला लागू नका, जे डिस्कवर नाहीच ते कुठून येणार.

खरं सांगू का, मी तर अर्ध्याअधिक गाण्यांचा व्हिडिओ ठेवलाच नाही. आमच्याकडे गाणारे साठीच्या पुढचे, त्यांना स्क्रीनवरचे रोमन अक्षरातले शब्द नकोच असतात, मागे स्वित्झर्लंडचं कुठलंतरी तळं आणि त्यावर इंग्रजीत हिंदी. ते आपापली वही आणतात, देवनागरीत, मोठ्या अक्षरात, श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल रेघ मारलेली. मग नुसता आवाज काढून घ्यायचा. व्हीसीडीतला आवाज एमपी-टू असतो, २२४ केबीपीएसचा. त्याचा परत एमपीथ्री करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. पाच मिनिटांच्या गाण्याला जेमतेम साडेआठ एमबी लागतात, कशाला वाचवायची जागा? आहे तसा काढा, ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, स्टिरिओचे दोन मोनो करा, ज्यात गायक आहे तो उडवा आणि उरलेला वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये सेव्ह करा, त्यात आवाज बिघडत नाही. गाणं मोनो होतं, पण आपल्या हॉलमधली सिस्टिम तशीही मोनोच लावलेली असते. गायकाचा ट्रॅक मी वेगळ्या फोल्डरला ठेवते, सरावाला पाठवायला उपयोगी पडतो.

इंग्रजी गाण्यांच्या डिस्क मात्र वेगळ्या जातीच्या. आमच्याकडे त्या दुबईहून आल्या, माझा मामेभाऊ तिकडे होता तेव्हा हे हॉटेलात वाजवायचे. त्यावर सीडी प्लस जी असं लिहिलेलं असतं. दिसायला आणि वाजायला साधी ऑडिओ सीडी, पण गाण्याच्या डेटासोबतच चालणाऱ्या एका वेगळ्या कप्प्यात, ज्याला सबकोड म्हणतात तिथे, शब्दांची चित्रं लपवलेली असतात. साध्या सॉफ्टवेअरने रिप केलंत, म्हणजे डिस्कवरून कॉम्प्युटरवर काढलंत, तर गाणं येतं, शब्द तिकडेच राहतात, आणि तुम्हाला वाटतं डिस्क खराब आहे. सबकोड वाचणारं सॉफ्टवेअर लागतं आणि तो वाचणारा ड्राइव्ह पण लागतो, सगळे वाचत नाहीत. माझ्या लॅपटॉपच्या बाहेरून जोडायच्या ड्राइव्हने हात वर केले, माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या ड्राइव्हने मुकाट्याने वाचलं. म्हणून जुना डेस्कटॉप भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्याचा ड्राइव्ह तेवढा काढून घ्या.

ह्यातून प्रत्येक गाण्याच्या दोन फाईली येतात, एक आवाजाची, एक शब्दांच्या चित्रांची, तिला सीडीजी म्हणतात, जी सेकंदाला बरोबर ७२०० बाइट असते, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्याला पावणेदोन एमबीच्या आत. दोघींचं नाव तंतोतंत एक पाहिजे आणि दोघी एकाच फोल्डरमध्ये पाहिजेत. मी एकदा हौसेने एमपीथ्रीची नावं सुधारली, सीडीजी विसरले, आणि हॉटेलात गाणाऱ्या पोरासमोर स्क्रीन काळाकुट्ट. आता दोन्ही मिळून झिप करते, बहुतेक कराओके प्लेअर झिप सरळ उघडतात. आणि सुरुवातीची शांतता कापायचा मोह आवरा, आवाज दोन सेकंद पुढे सरकला की शब्द दोन सेकंद मागे पडतात. माझ्या जुन्या प्लेअरवर व्हीबीआरने, म्हणजे बिटरेट खाली-वर होणाऱ्या एमपीथ्रीनेही शब्द मागेपुढे व्हायचे म्हणून इथे मी ३२० चा सरळ सीबीआर, म्हणजे एकाच बिटरेटचा, ठेवते. सबकोडला ओरखडा लागला तर आवाज ठीक येतो पण अक्षरांवर रंगीत चौकोन पडतात, अशी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये हळू स्पीडला घालून बघायची.

पुसायची कशी तेही विचारतात. मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत, गोल गोल नाही. आणि चकचकीत बाजू जपताना छापील बाजू ओरबाडू नका, डेटाचा थर त्या छापाच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा कायमचा.

आवाजाच्या लेव्हलचं सगळे विसरतात. प्रत्येक कंपनीची डिस्क वेगळ्या व्हॉल्यूमची, एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं मांडवाचे खांब हलवतं. एमपीथ्री गेन हे जुनं सॉफ्टवेअर गाणं पुन्हा एन्कोड न करता दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी सगळं सारखं करतं, वेव्ह-फ्लॅकला ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलाइज आहे. तरी शेवटी कान लावावाच लागतो.

नावं देताना मी गाणं, पिक्चर, मूळ गायक आणि पट्टी एवढं लिहिते. पट्टी सगळ्यात महत्त्वाची. शोमध्ये कुणी येऊन म्हणालं "मला हे काळी एकला लागतं" की मला लगेच कळायला हवं ट्रॅक मूळ कशात आहे आणि किती खाली न्यायचा. दोन-तीन अर्धस्वरांपर्यंत लॅपटॉपवर खाली-वर चालतं, त्यापुढे ढोलकीचं डबडं होतं. आणि स्पेलिंग एकच ठरवा हो! जिंदगीला मी कधी जे लिहिलेला, कधी झेड, गाणारा माईक घेऊन उभा आणि मी सर्च करतेय.

हक्कांचं थोडक्यात. स्वतः विकत घेतलेल्या डिस्क स्वतःच्या शोसाठी वापरते, कुणाला पेनड्राइव्ह भरून देत नाही, मागू नका, चिडते मी. आणि डिस्क तुमची असली म्हणून जाहीर कार्यक्रमाची परवानगी मिळालेली नसते. गाण्याच्या शब्दांचे-चालीचे हक्क वेगळे, ट्रॅक ज्याने वाजवून रेकॉर्ड केला त्याचे वेगळे. तिकीट लावून शो असेल तर आयपीआरएसच्या (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसनचं आयोजकाशी आधीच बोलून घ्या.

आता जे मला खरं सांगायचंय ते. सगळ्या डिस्क करू नका. आमच्याकडे ३८० होत्या, मी पहिल्या डिस्कपासून ओळीने सुरू केलं, तीन महिन्यांत साठ झाल्या आणि त्यातली शोमध्ये लागली किती तर वीस-बावीस गाणी. मग डोकं चाललं. माझ्याकडे शोची वही आहे, कोणी काय गायलं, कुठल्या पट्टीत, ती काढून बसले. लोक तीच ती दीडशे-दोनशे गाणी फिरवून फिरवून गातात. ती आधी केली. आणि त्यातलीही लोकप्रिय हिंदी गाणी आज चांगल्या क्वालिटीत विकत मिळतात, तुमच्या ओरखडलेल्या व्हीसीडीपेक्षा बरी, त्यासाठी रात्री जागवण्यात अर्थ नाही.

जागायचं असेल तर मार्करने हाताने लिहिलेल्या सीडी-आरसाठी जागा. मराठी भावगीतं, नाट्यगीतं, कोळीगीतं, ह्यांचे कराओके ट्रॅक बाजारात कायमच कमी. मग गावोगावचे की-बोर्डवाले स्वतः घरी बसून ट्रॅक करायचे, तबला-ढोलकी खरी वाजवून घ्यायचे आणि पाच-सहा सीड्या बर्न करून ओळखीत द्यायचे. त्याची दुसरी कॉपी कुठे नाही. आणि नेमक्या ह्याच डिस्क सगळ्यात आधी मरतात, डाय, म्हणजे ज्या रंगाच्या थरात गाणं लिहिलेलं असतं तो, उडतो, वर चिकटवलेला कागद पावसाळ्यात फुगून सुटतो आणि सोबत थर घेऊन येतो (तो कागद ओढून काढू नका, राहू दे). ह्या साध्या ऑडिओ सीड्या असतात, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने सिक्युअर मोडमध्ये काढा, तो अडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतो, कधी एका गाण्याला रात्र घेतो. फ्लॅक करा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरात, एक बहिणीकडे.

आमच्या एका वादक मित्राने केलेली अशी एक डिस्क आहे. तो आता नाही. बारा गाणी, अकरा निघाली. सातवं दोन मिनिटं दहा सेकंदांपर्यंत येतं आणि मग नुसती खरखर, चार ड्राइव्ह बदलले, दर दिवाळीच्या साफसफाईला परत एकदा घालून बघते. शोमध्ये कुणी ते गाणं मागितलं तर मी नाही म्हणत नाही, ट्रॅक लावते, हे घड्याळ बघत बसतात, दोन दहाच्या जरा आधी मी मिक्सरवरचा फेडर खाली घेते आणि उरलेलं हे वाजवतात.