परेड स्टेट

पहाटे साडेपाचला ज्युनिअर अंडर ऑफिसरने, म्हणजे प्लाटूनच्या कॅडेट-प्रमुखाने, परेड स्टेट दिली, म्हणजे हजेरीचा हिशेब. "एकूण ३२, हजर ३२, सर!" सवयीने मी ओळी मोजल्या. ३१ भरले.

मी तेव्हा लष्करी अकादमीत प्लाटून कमांडर होतो, अधिकारी. कॅडेटांमधले हुद्दे बाहेरच्यांना शोभेचे वाटतात. शेवटच्या सत्रात मिळतात, पासिंग आउटबरोबर संपतात, आणि त्यामागे कमिशनचं बळ नसतं. पण रात्री बॅरॅकमध्ये अधिकारी नसतो. कुणाला ताप आहे, कुणाच्या टाचा सोलल्यात, कोण घरच्या आठवणीने जागा आहे, हे अंडर ऑफिसरलाच ठाऊक असतं. तो सांगेल तेवढंच आमच्यापर्यंत पोचतं.

प्लाटूनला धावायला पाठवून मी खोल्या पाहिल्या. तिसऱ्या खोलीत एक मुलगा एकाच पायात बूट घालून खाटेवर बसला होता. दुसरी नडगी सुजलेली. पाय टेकवत नव्हता. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस फ्रॅक्चर. असाच धावत राहिला असता तर हाड पूर्ण मोडलं असतं.

अंडर ऑफिसर माझ्यासमोर सावधान उभा राहिला. "सर, सिक रिपोर्ट केला असता, म्हणजे आजारी म्हणून नोंदवला असता, तर त्याचे प्रशिक्षणाचे दिवस कमी पडले असते. सत्र वाया गेलं असतं. माझ्या माणसाला मी सांभाळत होतो." त्या मुलाच्या सेक्शन कमांडरलाही, तोही कॅडेटच, आठवडाभर माहीत होतं. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीची सचोटीची संहिता मी या दोघांना वर्गात शिकवली होती: कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. शेवटचा भाग विशीतल्या मुलांना सगळ्यात जड जातो, कारण तिथे मैत्री आड येते.

मग तो हळूच म्हणाला, "आणि सर, आपला आजारी रकाना महिनाभर शून्य होता."

ते शून्य मीच सगळ्या कंपनीसमोर वाखाणलं होतं. दोनदा.

त्याची नेमणूक गेली. खोट्या परेड स्टेटला दुसरा उपाय नव्हता, आणि तशी शिफारस मीच केली. त्याच अहवालात माझ्या त्या कौतुकाबद्दलही लिहिलं. संध्याकाळी प्लाटूनसमोर उभं राहून तेही सांगितलं.

दुसऱ्या पहाटे नव्या अंडर ऑफिसरचा आवाज थोडा कापत होता. "एकूण ३२, हजर २८, रुग्णालयात १, सिक रिपोर्ट ३, सर!"

जुना अंडर ऑफिसर मागच्या ओळीत ताठ उभा होता. मी मोजले. २८.